ऊसतोडीच्या दिवसांतले तारे

मागच्या हिवाळ्यात माझे पुण्याचे मित्र तारे बघायला चौसाळ्याजवळच्या आमच्या गावी आले. निम्मं गाव ऊसतोडीला गेलं होतं. जाताना लोक घराच्या किल्ल्या माझ्या चुलतीकडे ठेवतात. बंद घरं अंधारात राहू नयेत म्हणून ती रोज दिवेलागणीला घरोघर जाऊन ओसरीवरचे बल्ब लावते.

या उजेडात तारे फिके दिसतात, अशी मित्रांची कुरकुर सुरू झाली. पाहुण्यांचं मन कशाला मोडायचं म्हणून चुलतीने जाऊन सगळे बल्ब बंद केले. आभाळ ताऱ्यांनी खच्चून भरलं.

"काय सुंदर अंधार आहे!" एकजण ओरडला. माझं डोकंच सणकलं.

चुलती माझ्याशेजारी पायरीवर टेकली आणि हळूच म्हणाली, "घरात माणूस मेलं तरी आमी एक दिवा ठेवतो रं."