देवमासा मासा नसतो

युनिटमध्ये तिला सगळे डुबकी म्हणतात. ती पाण्याखाली चित्रीकरण करते. देवमाशांजवळ जाताना ती पाठीवर हवेची टाकी घेत नाही. बुडबुड्यांनी ते बिचकतात. छातीभर श्वास घ्यायचा, कॅमेऱ्याची पेटी पोटाशी धरायची आणि खाली जायचं. "श्वास कोंडून राहायला मीही शिकले, या घरात," सासूबाई म्हणतात. "फक्त पगार कुणी दिला नाही."

या मोसमात तिला मिळालेलं दृश्य अनेकांना जन्मात मिळत नाही. नुकतंच जन्मलेलं पिल्लू आणि त्याला डोक्याने वर रेटणारी आई. देवमाशाला कल्ले नसतात, त्याला आपल्यासारखी हवा लागते. पिल्लाने पहिला श्वास घेतला तेव्हा डुबकीचा स्वतःचा संपत आला होता. तरी कॅमेरा हलला नाही.

माहितीपटाच्या निवेदनाच्या ध्वनिमुद्रणाला ती सहज डोकावली. काचेपलीकडे निवेदिका शेवटचं पान वाचत होती : "अशक्त पिल्लाला आई पाण्याबाहेर ढकलते. मरणाकडे."

"थांबव!" डुबकी दिग्दर्शकावर ओरडली. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"ती काय करतेय ते तुला माहीत आहे."

"मला आहे गं. लोकांना कुठे आहे? देवमासा म्हणजे मासा. मासा पाण्याबाहेर गेला की मेला. लोक टिपं गाळतील."

"म्हणून त्या आईला खुनी ठरवायचं?"

"ती काय कोर्टात जाणार आहे?"

डुबकीने दृश्य मागे नेलं. "पिल्लू वर पोचेपर्यंत श्वास धर. तुम्हीही धरा, बाई."

दिग्दर्शकाने अर्ध्यातच सोडला आणि हसला. निवेदिका लालबुंद झाली, पण पिल्लाचं डोकं पाण्याबाहेर गेलं तेव्हाच तिने तोंड उघडलं.

"झाली गंमत," दिग्दर्शक म्हणाला. "वाक्य तेच राहील."

निवेदिकेने हेडफोन काढून टेबलावर आपटले. "मग तुझ्या आईकडून वाचून घे," म्हणाली आणि निघून गेली.

दुसरा आवाज शोधायला वेळ नव्हता. माहितीपट टीव्हीवर दाखवला गेला तेव्हा त्या जागी खोटं वाक्य नव्हतं, खरंही नव्हतं. होतं फक्त एक रडकं व्हायोलिन. डुबकी दातओठ खात बघत होती. सासूबाई मुलीकडे राहून त्याच दिवशी परतल्या होत्या, भांडण त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. त्यांनी डोळे टिपले.

"मेली बघ कशी ढकलतेय, पोटच्या पोराला!"

"अहो, श्वास देतेय ती त्याला!" डुबकी अशी कडाडली की सासूबाई खुर्चीतच दचकल्या. मग त्याही भडकल्या.

"माझ्यावर काय खेकसतेस? तसं सांगायला त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं का?"