ॲसिडच्या खोलीचा भत्ता

संघमित्राचं काय झालं हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत आहे. का झालं, हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्याला मी अर्धं सांगितलंय — आणि त्या अर्ध्यात मी बरी दिसते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

आम्ही दोघी वर्ध्याच्या. एकाच कॉलेजात, एकाच बाकावर केमिस्ट्री शिकलो. ती पहिली यायची. परीक्षेच्या आधी ती मला शिकवायची आणि मी पास व्हायची. पुण्यात मात्र मी आधी आले. पाणी, माती, खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत लागले, कात्रजला खोली घेतली, ‘करून राहिले’ असं वऱ्हाडी बोलणं सोडून दिलं. पुढे आमच्याकडे एक जागा निघाली, तेव्हा मीच तिला कळवलं. इथवर चांगलंच आहे ना सगळं?

तिची मुलाखत छान झाली. इतकी, की साहेब बाहेर येऊन म्हणाले, “तुमची मैत्रीण हुशार आहे हो. तुम्हा वर्ध्याकडच्यांबद्दल आमचा उगाच गैरसमज झाला होता.” गमतीतच म्हणाले — पुण्यात अशीच गंमत करतात. मी हसले. मग त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटलं.

“हिची पगाराची अपेक्षा काय असेल? तुम्ही ओळखता, म्हणून विचारतो.”

काय म्हणता आलं असतं मला? ‘मला देता तेवढा द्या.’ एवढंच. जिभेवर आलं नव्हतं असंही नाही.

मी म्हणाले, “वडील नाहीत सर. आई आजारी असते, भाऊ शिकतोय. गरज आहे तिला. मिळेल त्यात येईल.”

साहेबांनी तिचं आडनाव पुन्हा एकदा वाचलं, जरा मोठ्यानं, आणि माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे आपल्याला फार ताणायला नको.”

त्या पाहण्याचा अर्थ मला कळला होता. आमच्या घरी तिला चहा वेगळ्या कपात मिळायचा — तो कप कुठे ठेवलेला असतो हे मला लहानपणापासून पाठ होतं. तिलाही माहीत असणार. तरी ती यायची, मला शिकवायला. आणि मी त्या केबिनमध्ये बसून म्हणाले, “नाही सर. नाही ताणणार ती.”

ज्याची गरज मोठी त्याला पगार जास्त मिळावा, असं शाळकरी वयात वाटतं. असतं उलटं. ज्याला नाही म्हणणं परवडत नाही, त्याच्या हातावर कमी ठेवलं जातं. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं का? होतं. म्हणून तर मी तिच्या आईचं दुखणं काढलं.

ती माझ्याच खोलीवर राहायला आली. भाडं निम्मं-निम्मं. एका रविवारी मेथी निवडताना तिनं सहज विचारलं, “सांग नं वं, तुला किती भेटते?” मी तिच्या पगारात पाचशे मिळवले आणि तो आकडा सांगितला. म्हणाले, मी जुनी ना, म्हणून. ती हसली — सुटल्यासारखी. “मला वाटलं, मलाच कमी देऊन राहिले.”

मला तिच्या जवळजवळ दीडपट मिळत होते. काम तेच, प्रयोगशाळेतला ओटाही एकच. कठीण नमुना आला की मी तो तिच्याकडे सरकवायची. वर्षाची वाढ टक्क्यांनी व्हायची, म्हणजे आमच्यातलं अंतर दर वर्षी आपोआप रुंदावत होतं. मला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नव्हतं. गप्प राहिलं की पुरे.

माझं लग्न झालं, मी नारायण पेठेत राहायला गेले. विभागाची प्रमुखही झाले. कोणी कुठे बसायचं हे आता मी ठरवत होते. त्याच सुमारास तिच्या आईचं डायलिसिस सुरू झालं, आणि ती माझ्याकडे आली. ॲसिडची खोली मागायला.

त्या खोलीत मातीचे नमुने ॲसिडमध्ये उकळायचे. धूर ओढणारा पंखा होता, पण चिमटीत धरलेला कागदसुद्धा त्याच्यापुढे नीट हलायचा नाही. दाराच्या बिजागऱ्या गंजून सारख्या बदलाव्या लागत. आधी काम करणाऱ्या दोघांतला एक सोडून गेला होता, दुसऱ्यानं जागा बदलून घेतली होती. म्हणून तिथे जोखीम भत्ता होता. तो धरून तिचा पगार जेवढा होणार होता, तेवढा तिला पहिल्या दिवसापासून मिळायला हवा होता — बाहेरच्या मोकळ्या हवेत, माझ्याशेजारी बसून.

हे मला तेव्हा सुचलं. ती समोर उभी असतानाच सुचलं. आणि मी खोली तिला दिली.

काही महिन्यांत तिच्या घड्याळाची धातूची पट्टी हिरवी पडली. पेरू चावला की दात शिवशिवतात म्हणायला लागली. मग खोकला — आधी सकाळचा, मग दिवसभराचा. माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचा. मी काय केलं? मी त्या खोलीत जायचं बंद केलं. नमुने दारातूनच द्यायला लागले. पंखा बदला, असं वर एकदा म्हणाले. पुन्हा म्हणाले नाही. एक दिवस खोकला बराच वेळ थांबला, तेव्हा मी उठून पाहायला गेले नाही. कान देऊन बसून राहिले. पुन्हा सुरू झाला तेव्हा मला बरं वाटलं. असं कुणाला बरं वाटतं?

डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कडक होत चालली आहेत. तिनं उपचाराचा खर्च प्रयोगशाळेकडे मागितला. वरच्या मजल्यावर बैठक झाली. ती तोंडाशी ओढणी धरून टोकाच्या खुर्चीत बसली होती. मालकांनी मला विचारलं, “ती जागा यांना आपण दिली, की यांनी मागितली?”

तिनं माझ्याकडे पाहिलं — निर्धास्त. त्या बैठकीत तिचं माणूस मीच होते.

“त्यांनी स्वतः मागून घेतली,” मी म्हणाले. संघमित्राला मी आयुष्यात पहिल्यांदा अहोजाहो केलं.

खरं होतं ते. पुढे कुणी काही विचारलं नाही. सद्भावना म्हणून थोडी रक्कम दिली गेली. उपचारांना ती पुरली नाही. आता ती वर्ध्याला भावाकडे असते, ऑक्सिजनच्या यंत्राजवळ. मी गेलेले नाही. भावाचा फोन आला की मी दुसऱ्या दिवशी मेसेज करते.

त्या बैठकीनंतर आम्ही जिन्यानं खाली उतरत होतो. लिफ्ट बंद होती. दर वळणावर ती थांबायची. तिथेच माझ्या दंडाला धरून, धापा टाकत म्हणाली, “तू खरं तेच बोलली वं. मीच मागितली होती नं.”

मी तिची पर्स धरून उभी राहिले, तिचा श्वास परत येईपर्यंत.