हजार वर्षांखालच्या चपला

सकाळच्या लाल डब्यात (एसटीत) बसले तवाच भ्याबी संगं चढलं. शिरूर अनंतपाळहून लातूर काय लांब न्हाई, पर मालकांशिवाय मी कधी निघालेच न्हाई, आन् संगं सहा वर्षांची लेक, गौरी. निघताना सासूबाई म्हणल्या, "काय हरवून आलीस तर परत एकटीला सोडणार न्हाई." तेवढंच डोक्यात घेऊन गेले बघा.

लातुरात एका मोठ्या हॉलमधी प्रदर्शन म्हणून जुनं शहर उभं केलंय, तेच गौरीला दाखवायचं होतं. व्हायकिंग म्हणून लोक होते, होडीतनं यायचे, लुटायचे, मग तिथंच गाव करून ऱ्हायचे, असं तिथल्या बाईनं सांगितलं. हजार वर्षांखालची (पूर्वीची) गोष्ट. आन् सगळं हात लावून बघायचं! गौरीनं लोखंडी टोप घातला, तो पार नाकापोतर आला. मीबी होडी वल्हवली, लाजत लाजत.

मग एक घर आलं. कुडाच्या भिंती, मधी चूल, उंबरा. उंबरा दिसला की माझे पाय आपसूक चपला काढतात. काढल्या, आत गेलो, गौरीनं चुलीपुढं बसून खोट्या भाकरी थापल्या. बाहेर येऊन बघते तर चपला न्हाईत!

उंबऱ्याभोवती दोनदा फिरून बघितलं. सासूबाईच दिसाय लागल्या डोळ्यापुढं. तेवढ्यात गौरी वरडली, "मम्मी, त्या बघ!"

शेजारी त्या काळातलं जोड्यांचं दुकान मांडलं होतं. तिथं फळीवर, चामड्याच्या बुटांमधी, माझ्या चपला! एक काका त्यातली एक हातात धरून नातीला सांगून राहिले होते, "हजार वर्षांची हाय ही. आंगठा तुटला तर दोऱ्यानं कसा शिवलाय बघ. लई कसबी लोकं."

निळा दोरा. परवाच शिवला होता मी.

बोलावं का न्हाई? सगळी शिकलेली माणसं, मी सातवीतनं घरी बसलेली. पर अनवाणी घरी गेले तर संपलंच. डोळे मिटले आन् म्हणलं, "काका, ती माझी हाय."

"तुमची?"

"हाव. उंबऱ्यापाशी काढलती."

तिथली बाई पळत आली. "अगं ताई, मीच उचलून ठेवल्या! वाटलं, लेकरांनी फळीवरनं पाडल्या."

काका असे हसले का डोळ्यात पाणी. "चला, तारीफ कारागिराला पोचली म्हणायची!" मग मीबी हसले, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं.

संध्याकाळच्या गाडीत गौरी मांडीवर झोपली, आन् मी खिडकीतनं बघत एकटीच हसून राहिले. भ्या कुठल्या थांब्यावर उतरलं, कळलंच न्हाई.

दारात सासूबाई. "काय हरवलं न्हाई ना?"

सगळं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या, माझ्या पायाकडं बघितलं आन् म्हणल्या, "पुढच्या खेपेला मलाबी ने. मी आपल्या चपला हातातच धरीन."