घरातून जाणारी वाट

माघातला रविवार, कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधली बैठकीची खोली, अंदाजे खर्च अठ्ठेचाळीस लाख, हजर तिघे: मी, आमची सौ. आणि घराचं काम अंगावर घेणारा तिचा थोरला मावसभाऊ, म्हणजे आमचे दादा. घर बांधण्यापेक्षा ते कुठे बांधू नये यातच जास्त रस असलेला आर्किटेक्ट अख्ख्या पुण्यात हा एकटाच असावा. आणि माझी निवृत्तीची सगळी पुंजी त्याच्याच हातात!

दापोलीच्या बाजूला, समुद्राजवळ आमची साडेसहा गुंठे जागा. दादा राहतात नारायण पेठेत, पण पुढे वर्षभर त्यांचे मुक्काम त्या जागेवरच. कागदावर मात्र एक रेघ नाही. वारा कळावा म्हणून त्यांनी काठ्यांना जुन्या धोतराच्या चिंध्या बांधल्या. खारी हवा लोखंड किती खाते ते बघायला सात प्रकारचे खिळे उघड्यावर ठेवले आणि दर महिन्याला मला त्या गंजाचे फोटो पाठवले. मला त्यांत माझा स्लॅब दिसायचा. सौ.ला समुद्राकडे सबंध काचेची भिंत हवी होती. दादा म्हणाले, "लाव की. रोज मीठ पुसायला भाऊजी आहेतच."

अखेर नकाशा आला. घर दोन तुकड्यांत, वर एकच छप्पर, मधून पाच फुटांची मोकळी वाट.

"दादा, हे काय?"

"गावातल्या बायका मासळीच्या टोपल्या घेऊन इथून जातात. गवत तुडवलेलं दिसलं नाही?"

"जागा घेताना तर कुणी नव्हतं!"

"तुम्ही भरदुपारी गेला होतात. त्या पहाटे जातात."

"अहो, हे घर आहे की एसटी स्टँड?"

"स्टँडवर चौकशीची खिडकी असते. इथं तीही ठेवलेली नाही. कुंपण घालायचं असेल तर घाला, फक्त आर्किटेक्ट दुसरा बघा."

पंधरा दिवस मला झोप नाही. दोन तुकडे म्हणजे दोन दारं, दोन कुलपं, आणि मधून परकी माणसं. शेवटी एकटाच जाऊन पहाटे जागेवर उभा राहिलो. अकरा बायका गेल्या. शेवटची थांबून म्हणाली, "घर बांधताय ना? बांधा. आम्ही रस्त्यानं जाऊ."

मी दोन्ही अंतरं चालून मोजली. या वाटेनं दोनशे दहा पावलं, रस्त्यानं आठशे सत्तर. तीही डोक्यावर टोपली नसताना. पुण्यात येऊन नकाशावर सही केली.

आता घर उभं आहे. दादा पुन्हा फिरकले नाहीत, "झालेल्या घरात माझं काय काम?" म्हणतात. पहाटे त्या बायका बोलत येतात आणि आमच्या छपराखाली शिरताच आवाज खाली आणतात, आम्ही झोपलो असू म्हणून. आम्ही जागेच असतो. एकदा हे सांगायला दादांना फोन केला. ते दुसऱ्याच कुणाच्या तरी जागेवर, वाऱ्यात उभे होते. मी दोनदा सांगितलं. त्यांना काही ऐकूच आलं नाही.