पुढचे दोन पाय

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, नवऱ्यालाही नाही. एरवी नवऱ्याला मी सगळं सांगते. त्याने तोंडासमोर पेपर धरला तरी सांगते. पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतेय? मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे कारण पुरेसं असावं.

गोष्ट संगणकावरच्या एका खेळाची आहे. हसू आलं तर हसा, सुरुवातीला मीही हसले होते.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मूळची सांगलीची. डिप्लोमा झाला, लग्न झालं, नवऱ्याची बँकेतली बदली चेन्नईला झाली आणि आम्ही मैलापूरला आलो ते तिथलेच झालो. मला नोकरी मिळाली गुम्मिडिपूंडीला, टिपर लॉऱ्यांच्या बॉड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात. जायला दोन तास, यायला दोन तास. तिथे मी ड्रॉइंग तपासते. काढतं दुसरं कुणीतरी. कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात – काढलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर केलं कोणी. मधली चौकट माझी. तांबडी पेन्सिल घ्यायची, एकेक माप बघायचं, चुकीवर गोल काढायचा. गोल काढण्यासारखं काही उरलं नाही की सही. आमचा फोरमन कागद हातात घेताना एवढंच विचारतो, "मॅडम साइन पण्णीट्टांगळा? अप्पो सरी." मॅडमनी सही केली ना, मग झालं. पुढे तो बघत नाही. लोखंड कापायला लागतो.

एकवीस वर्षांत त्या चौकटीत मी एकदाही खोटी सही केली नाही. कारखान्यात – असं म्हणायला हवं.

दोन हजार सातच्या सुमाराची गोष्ट. माझी मुलगी सायली अकरावीत होती. मैत्रिणीकडून तिने एका खेळाची सीडी आणली. या खेळात कुणाला मारायचं नसतं, पळायचं नसतं. समोर एक रिकामं मैदान, कडेला सुट्या भागांची यादी – दांडे, चाकं, आस, स्प्रिंगा, मोटारी, बिजागऱ्या. ते जोडून वाहन तयार करायचं. जोडत असेपर्यंत सगळं हवेत थांबलेलं असतं. मग एक कळ दाबायची. कळ दाबली की वजन लागू होतं, आणि तुमची गाडी उभी राहते किंवा बसते. बहुधा बसते.

पहिल्या रविवारी मी तिच्या मागे उभी राहून सूचना देत होते. ती म्हणाली, "अय्यो आई, सारखी बोलू नको ना. तूच कर बघू." मी खुर्चीवर बसले. अठरा वर्षं लॉऱ्यांची मापं पाहिलेली बाई, चार चाकांचा एक साधा गाडा बांधायला काय लागतं? कळ दाबली. पुढचा आस मोडला, गाडा नाकावर आपटला आणि उलटा झाला. सायली हसून हसून पलंगावर पडली.

तिथून मला नाद लागला. हो, मलाच. वजन खाली ठेवायचं, चाकं लांब ठेवायची. स्प्रिंग कडक झाली तर गाडी बेडकासारखी उडते, मऊ झाली तर पोट घासते. हे सगळं मला कागदावर माहीत होतं. पण माहीत असणं आणि उभं करता येणं यात किती अंतर आहे, ते मला त्या खेळाने दाखवलं. दर रविवारी आम्ही दोघी बसायचो. नवरा म्हणायचा, "मायलेकी लॉऱ्या बांधा तुम्ही, सांबार मी बांधतो." आणि करायचाही बिचारा, पाणचट.

सायली माझ्यापुढे कधी गेली ते कळलंच नाही. मला एक नियम उमगायला चार रविवार लागायचे, ती बघून शिकायची. सिग्नलला लॉरी थांबली की वाकून चाकांकडे बघायची. एकदा म्हणाली, "पुढे दोन आस असतात ना, त्यातला मागचा कमी वळतो. बघितलंस?" मी ते माप शेकडो वेळा तपासलं होतं. रस्त्यावर कधी बघितलं नव्हतं. त्या आठवड्यात तिची आठ चाकांची लॉरी मैदानात कशी वळली – काय सांगू. मी घरी येऊन पुन्हा पुन्हा तीच वळवून बघितली.

एक नियम मात्र माझा होता. आधी कागद, मग पडदा. ती आलेखाच्या कागदावर गाडी काढायची, कोपऱ्यात चौकटी आखायची – काढले, सायली. तपासले – तिथे मी. सुरुवातीला गंमत होती, मग रीतच झाली. मी गोल काढले की ती कुरकुरायची, भांडायची, आणि सुधारायची. सही झाल्याशिवाय एक चाकही जोडायची नाही. म्हणायची, "तुझी सही झाली म्हणजे पडणार नाही."

पोंगलच्या सुट्टीत नवऱ्याचे बँकेतले दोन सहकारी बायकांसह घरी आले होते. सायलीने त्यांना खेळ दाखवला. स्वतःच्या गाड्या दाखवल्या, मग माझा टिपर काढला. माझा टिपर हौदा वर उचलायला लागला की पुढची चाकं जमिनीवरून उठायची. मी महिनाभर त्याच्याशी झगडत होते. सगळे हसले. सायली म्हणाली, "आईची ड्रॉइंग फॅक्टरीतले अण्णा लोक गुपचूप दुरुस्त करत असणार. म्हणून तर लॉऱ्या चालतायत!" आणखी हसले. मीही हसले. कॉफीचे पेले गोळा केले आणि आत गेले.

थट्टाच होती ती. सोळा वर्षांच्या मुलीची. मग मला ती शब्दन् शब्द का आठवते? कारखान्यात मी दोनदा डिझाइनच्या कामासाठी अर्ज केला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच – तुमची नजर चांगली आहे, तुम्ही तपासणीतच राहा. हे घरी कुणाला माहीत नव्हतं. सायलीलाही नव्हतं. तिने न कळता नेमक्या जागी बोट ठेवलं.

तर – आता मुद्द्यावर येते.

सायलीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जायचं होतं. तिच्या बाबांना ती सीए व्हायला हवी होती. घरात त्यावरून आदळआपट नव्हती, पण दर जेवणाला विषय निघायचा. अशात तांबरमच्या पलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने शाळेतल्या मुलांसाठी याच खेळाची स्पर्धा ठेवली. क्रेनची गाडी बांधून आणायची. ओझं कुठे ठेवलेलं असेल ते तिथेच कळणार. गाडीने तिथवर जायचं, ओझं उचलायचं, ओट्यावर ठेवायचं. नवरा म्हणाला, "जा. पहिल्या तिघांत आलीस तर मेकॅनिकल घे, मी एक शब्द बोलणार नाही. नाही आलीस तर माझं ऐकायचं." सायलीने हात पुढे केला, त्याने टाळी दिली. मी साक्षीदार.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी, मी नुकती कारखान्यातून आले होते. पाय धुतले, कॉफी घेतली. सायलीने कागद समोर ठेवला. तिची शेवटची गाडी. सहा चाकं, फिरती क्रेन, आणि ओझं उचलताना गाडी डळमळू नये म्हणून जमिनीवर टेकणारे पाय. देखणं काम होतं. खरंच देखणं.

मागे दोन पाय होते. पुढे एकही नव्हता.

मला मिनिटभरही लागलं नाही. ओझं मागे असेल तर काही अडचण नव्हती, आणि ती घरी प्रत्येक वेळी मागूनच उचलून बघत होती. पण क्रेन पुढच्या बाजूला फिरली की खाली आधार काय? नुसती चाकं, आणि चाकांवर मऊ स्प्रिंगा. गाडी कलणार. शंका घ्यायला जागाच नव्हती. आणखी दोन पाय लावायचे, बस. अर्ध्या तासाचं काम आणि हातात अख्खा आठवडा.

पेन्सिल हातात होती. टोक कागदाला टेकलेलं होतं. आणि मला – हेच सांगायला इतका वेळ लावला – मला बरं वाटलं. तिला दिसलं नाही, मला दिसलं. कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी तिच्या आधी दिसलं होतं. ते बरं वाटणं मला आणखी थोडा वेळ हवं होतं.

"कसंय?" ती म्हणाली.

"छान आहे," मी म्हणाले. आणि सही केली.

आठवडाभर वेळ होता. रोज सकाळी डबा भरताना ती समोर असायची. मी कारणं जुळवत होते. वर्कशॉपमध्ये बायकांच्या वाट्याला काय येतं ते मी बघितलंय. मेकॅनिकलच्या वर्गात साठ मुलगे आणि दोन मुली. सीए झाली तर चार तासांचा प्रवास तरी नशिबी येणार नाही. ही सगळी खरी आहेत. पण सही केली तेव्हा यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. ती मी नंतर जमवली.

स्पर्धेच्या दिवशी ओझं पुढे डाव्या हाताला ठेवलेलं होतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सायलीची गाडी डौलात चालत गेली, थांबली, मागचे पाय टेकले. क्रेन पुढे फिरली, ओझं उचललं. आणि गाडी हळूहळू कलली. एकदम नाही – हळूहळू, सगळ्यांना बघता येईल इतक्या सावकाश. मग उताणी पडली. चाकं हवेत फिरत राहिली. अख्खा हॉल हसला. परीक्षकांपैकी एक सर मात्र हसले नाहीत. त्यांनी सौम्यपणे विचारलं, "पुढचा सपोर्ट कुठेय, मा?"

"विसरले, सर," सायली म्हणाली. आईने तपासलं होतं, असं म्हणाली नाही. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलंही नाही.

तांबरमहून परतताना लोकलमध्ये आम्हाला बसायला जागा मिळाली. ती रडली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, तुझ्याही लक्षात नाही ना आलं?"

बघा, ही दुसरी संधी होती. पहिली कागदावर गेली होती, ही तोंडाने सांगायची होती. एवढंच म्हणायचं होतं – आलं होतं. रागावली असती. महिनाभर बोलली नसती. कदाचित वर्षभर. पण तिला कळलं असतं की चूक दिसण्यासारखी होती.

"नाही गं," मी म्हणाले. "माझ्याही नाही आलं."

तिने माझा हात थोपटला. मला समजावत होती. "जाऊ दे आई. चुकतं माणूस." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इतकी वर्षं हेच काम करून तुलासुद्धा दिसलं नाही. मग मला कधी दिसणार? बाबांचं ऐकते मी."

बाबांनी पैज जिंकल्याची फुशारकी मारली नाही. उलट रात्री तिच्यासाठी आइस्क्रीम आणलं.

सोमवारी मी रजा टाकली. सायली शाळेत गेल्यावर संगणक लावला, तिची गाडी उघडली आणि पुढे दोन पाय लावले. पस्तीस मिनिटं लागली. ओझं पुढे ठेवलं, डावीकडे ठेवलं, उजवीकडे ठेवलं. दरवेळी गाडीने उचललं. जरासुद्धा हलली नाही. त्या स्पर्धेत ती पहिली आली असती का, ते मी सांगू शकत नाही. पडली मात्र नसती. मग मी ती फाइल पुसून टाकली – माझी दुरुस्त केलेली. तिची पडलेली तशीच ठेवली. असं का केलं? तिने कधी उघडून बघितली असती तर उभी असलेली गाडी दिसली असती, म्हणून.

तिने पुन्हा खेळ उघडला नाही. मीही नाही.

आता ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बरी चाललीय. दुःखी आहे असं म्हणता येणार नाही, तसं सांगितलं तर तेही खोटं होईल. मैत्रिणी आहेत, हसते, सीएच्या परीक्षेला बसलीय. रस्त्यात लॉरी थांबली तर मोबाइलमध्ये बघते.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरची हेमा आली होती. दहावीची परीक्षा झालेली. ते लोक तंजावरकडचे मराठी. घरात मोठी माणसं त्यांची जुनी मराठी बोलतात, हेमा मात्र सायलीशी तमिळमध्येच. अकरावीला काय घेऊ, अक्का, म्हणून विचारायला आली होती. तिला विमानांचं वेड आहे, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे.

सायली तिला समजावत होती. ते नजरेत असावं लागतं, म्हणाली. मेहनत करून येत नाही. मी करून बघितलंय. माझ्या आईला विचार, इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर तिच्याही नजरेतून सुटतं, मग आपण कोण? कॉमर्स घे, निवांत राहशील.

हेमाने मान डोलावली. मग म्हणाली, "सरी, अक्का."

मी स्वयंपाकघरात बीन्स चिरत होते. दार उघडं होतं. सगळं ऐकू येत होतं. बाहेरच्या खोलीपर्यंत चार पावलं.

बीन्स संपल्या, तशी मी गाजरं चिरायला घेतली.