शाणूचं कपाळ

शाणू, तुझं कपाळ तापलेलं होतं. मला कळलं होतं.

आज तुला जाऊन तीस वर्षं झाली. दरवर्षी या तारखेला टाइप करतो आणि पुसतो. आज पोस्ट करतोय.

त्या वर्षी सगळ्या मुलखात तापाची साथ होती.
रामनगरजवळची आपली सॉ मिल म्हणजे आठ माणसं आणि एक करवत. मी हजेरी लिहायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे.

ताप असलेल्यानं आत यायचं नाही, असा मालकांचा हुकूम. रोज सकाळी गेटवर मी प्रत्येकाच्या कपाळाला हात लावायचा. गरम लागलं की घरी. त्या दिवसाची मजुरी नाही.

मालकांना तरी किती बोल लावू? माल उठत नव्हता, लॉरी येत नव्हती. ते स्वतःच अंथरुणाला खिळले होते.

तुझा थोरला भाऊ, अण्णा, मोठ्या कंपनीत परमनंट. त्यालाही हाच ताप आला. डॉक्टरची चिठ्ठी दिली, तीन आठवडे सिक लीव्हवर पडून राहिला, पगार फुल मिळाला.

तुम्ही दोघं राहायचात एकाच घरात. चुली मात्र दोन.
तुझी बायको बाळंतीण होती. भात कापायला अजून महिना होता.

तू ओढ्यात टॉवेल भिजवून डोक्याला घट्ट बांधून यायचास. गेटपाशी सोडायचास. कपाळ गार.

तिसऱ्या दिवशी मी हात जरा जास्त वेळ ठेवला. गार कातडीखालून ताप हाताला लागला.

"शाणू, ओल्या फडक्यानं ताप जातोय व्हय?"

"ताप न्हाई जात, मास्तर. हजेरी लागती."

टॉवेलातलं पाणी माझ्या वहीवर ठिबकलं, नेमकं तुझ्याच नावावर. मी ते टिपलं आणि 'हजर' लिहिलं. वाटलं, आपण केवढे भले.

दुपारी तू ओंडक्यांपाशी टेकलास. उठलाच नाहीस.

तुझ्या मातीला अण्णा बरा होऊन उभा होता. म्हणाला, "माझी चिठ्ठी त्याला चालली असती तर."

कोविडात दुकानादुकानाच्या दारात कपाळावर ती बंदूक धरायचे. मी दर वेळी डोळे मिटून घ्यायचो. लोकांना वाटायचं, म्हातारा घाबरला.

श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही, शाणू. त्या सकाळी गेटवर जे म्हणायला हवं होतं, तेच लिहितो.

अंग तापलंय तुझं. घरी जा, पड.
हजेरी मी लावतो.