बेचाळीसच्या पुढे गप्प

फ्यूजकाकांचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू होई. गजर चारचाच असे, पण त्यांच्या कानांना तो ऐकू येत नसे, आणि काकूंनी कोपराने ढोसून उठवेपर्यंत दहा मिनिटं जात. पाचला डेपो. साडेपाचला पहिली बस बाहेर पडायची. त्याआधी गाड्यांचे दिवे, हॉर्न, वायपर तपासून द्यायचे, हे वायरमनचं काम. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. बसखाली पाठीवर पडून हात वर करून वायर ओढायची म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. दंड भरून येतात, डोळ्यांत माती पडते आणि वायर बोटभर आतच अडते.

फ्यूजकाका हे नाव डेपोने ठेवलेलं. गाडी कशानेही बंद पडो, हे आधी फ्यूज काढून उजेडात धरणार. दोष सापडला तरी तो का आला हे कळल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा त्यांचा हट्ट. फोरमन कावायचा, गाडी चालू झाली ना, मग जाऊ दे की. काका बॉनेटमधून डोकंही वर काढत नसत.

एवढ्या वर्षांत इंजिनांनी कान खाल्ले ते खाल्लेच. हळू बोललेलं सगळं त्यांच्यापुरतं संपलं. आणि इकडे काकूंच्या डोळ्यांत मधोमध धुरकट डाग पडला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं राहील, गेलेलं येणार नाही.

रविवारी दुपारी दोघांनी शेजारी बसून सिनेमा बघायचा, ही लग्नापासूनची रीत. आता टीव्हीच्या त्या चिरक्या आवाजात कोण आलं, कोण गेलं, काकूंना कळेना आणि काकांना ऐकू येईना. ती विचारायची, आता कोण बोललं? हे विचारायचे, काय बोललं? अर्ध्या तासात दोघंही दमायची. एका रविवारी काकू उठल्या. "तुम्ही बघा. मी आपली आत बसते," म्हणाल्या. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी त्या बाहेर आल्याच नाहीत.

काकांनी फोरमनकडे रविवारचा ओव्हरटाइम मागून घेतला. आठ महिने एक रविवार घरी काढला नाही. मग होम थिएटर घेऊन आले. पाच स्पीकर, एक जाड वूफर आणि सगळ्यांना आवाज पुरवणारं काळं मशीन. दुकानातल्या मेकॅनिकने सांगितलं होतं की पावलं डावीकडून आली तर आवाजही डावीकडून येतो. काकांना तेवढंच हवं होतं. काकूंना कानांनी दिसलं असतं.

स्पीकरबरोबर खोक्यातून वायरी आल्या होत्या, लाल-काळ्या जोडीच्या, केसासारख्या बारीक. काकांनी त्या चिमटीत धरल्या आणि बाजूला टाकल्या. बाजारातून बसला लागते तसली जाड वायर आणली. बसमध्ये दिव्याला एकच वायर जाते. करंट परत आणायचं काम गाडीचा पत्रा करतो. घराला पत्रा नाही, म्हणून काकांनी खोलीच्या कडेने एक जाड काळी वायर फिरवली आणि पाचही स्पीकरांची काळी टोकं तिला जोडली. मशीनमागची पाच काळी टोकंही तिलाच. अर्धी वायर वाचली. क्लिपा वीत-वीत अंतरावर, एका रेषेत. दोन दिवस गुडघ्यांवर रांगून केलेलं काम होतं, बघणाऱ्याने मान डोलवावी असं.

मशीन चालू झालं. आवाजाचे आकडे काचेवर दिसत. काकूंना तीस पुरायचं, काकांना पंचावन्न लागायचं. तीसला झकास. चाळीसला झकास. बेचाळीसला आतून टक असा आवाज आला आणि सगळे स्पीकर एकदम गप्प. बंद करून चालू केलं की पुन्हा गुणी बाळासारखं वाजायचं. बेचाळीसला पुन्हा टक.

काकांनी डेपोतल्यासारखी सुरुवात केली. फ्यूज काढला, उजेडात धरला. शाबूत. मशीन तापत असेल म्हणून कपाटातून काढून स्टुलावर ठेवलं, समोर पंखा लावला. टक. व्होल्टेज पडत असेल म्हणून दुसऱ्या खोलीतल्या प्लगमधून वीज आणली. टक. दुकानात फोन लावला. मेकॅनिकने सभ्यपणे विचारलं, काका, वायरी खोक्यातल्याच लावल्यात ना? काकांना ते लागलं. म्हणाले, वायरिंगचं मला सांगू नकोस, एकतीस वर्षं तेच करतोय, तुझं मशीन बघ. त्याने येतो म्हणून सांगितलं आणि आला नाही.

मग काकांनी एकेका स्पीकरची झडती घेतली. बाकीच्यांची मशीनमागची दोन्ही टोकं सोडवायची, एकच ठेवायचा आणि आवाज वर न्यायचा. पहिला साठपर्यंत गेला, हूं की चूं नाही. दुसराही. पाचही. पास झालेल्या गाडीच्या बंपरवर करायचे तशी प्रत्येकावर खडूने 'ओके' अशी खूण केली. मग दोन जोडले. बेचाळीस. टक.

काकांनी जोड्या बदलून पाहिल्या, पुढचा आणि मागचा, डावा आणि उजवा. कोणतेही दोन घ्या, तेच. बसमध्ये असं होत नाही. बसमध्ये दोष कुठेतरी बसलेला असतो, आणि तुम्ही पुरेसं खाली वाकलात तर तो सापडतो. इथे पाचही जण एकेकटे निर्दोष होते. मग दोष होता कुणाकडे? डेपोत जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ही हकिकत सांगितली. रंगारी म्हणाला, माझ्या पाच भावांचं अगदी असंच आहे. सगळे हसले. काका हसले नाहीत, ते खरंच विचार करत होते.

त्या आठवड्यात त्यांचं कामात लक्ष लागेना. एका बसला उजवीकडचा दिवा डावीकडे जोडून दिला. ड्रायव्हरने सगळ्यांदेखत ऐकवलं, आणि ऐकून घ्यावं लागलं.

काकूंनी शुक्रवारी सकाळी सांगून टाकलं की हे खोकं परत करा. आठ महिने राबलात, आता आणखी झिजू नका. मला सिनेमा नसला तरी चालतं. 'चालतं' हा शब्द काकांना नीट ऐकू आला. ते डबा घेऊन डेपोत गेले.

दुपारी परतले तेव्हा काकू भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, शेजारी फडकं.

"मी मेकॅनिकला फोन केला होता," त्या म्हणाल्या.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला काही कळत नाही, म्हणून तर विचारलं. भिंतीची कड पुसत होते. पाच वायरी एकाच जाड वायरीत शिरलेल्या हाताला लागल्या. मान तिरकी करून पाहिलं, तर त्या सगळ्या काळ्या. लाल मात्र सुट्या. तेवढं त्याला सांगितलं."

"मग?"

"मग त्याने विचारलं, काका गाडीचं काम करतात का? म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणाला, गाडीवरची माणसंच असं करतात, बाकीच्यांना सुचत नाही."

हे कौतुक की टोमणा, काकांना ठरवता येईना. त्यांनी पुढचं विचारलं. काकूंनी ऐकलं होतं तसं सांगितलं. या मशीनमध्ये काळं टोक नुसतं परतीचं नसतं, तेही ढकलतं. पाचही काळी टोकं एकत्र बांधली की ती आतल्या आत एकमेकांशी कुस्ती खेळतात. आवाज हळू असेपर्यंत मशीन सोसतं, जोर वाढला की जीव वाचवायला तोंड मिटतं.

"परतीची वायर ढकलेल कशी?" काका म्हणाले. "आलेलं परत जातं, म्हणून तर ती परतीची."

"ते मला नका विचारू. प्रत्येकाला त्याची त्याची जोडी द्या, एवढं म्हणाला तो."

लाल ढकलते, काळी परत आणते, हे काकांना जिभेच्या चवीसारखं ठाऊक होतं. दोन्ही टोकं ढकलणार असतील तर मधे काय होत असेल? त्यांनी कागदावर चित्र काढलं, बाण दाखवले. बाण समोरासमोर आले. कागद चुरगाळला, दुसरा घेतला. त्यावरही बाण समोरासमोर आले. तिसऱ्यावरही तेच, तो घडी करून खिशात ठेवला. कारण न कळता काम करायचं, हे त्यांच्या हाताला मान्य नव्हतं. पण रविवार परवावर आला होता.

शेवटी ते गुडघ्यांवर बसले आणि स्वतःच लावलेल्या क्लिपा एकेक करून उपसल्या. दोन दिवसांचं काम दोन तासांत गेलं. खोक्यातल्या बारीक वायरी काकूंनी नीट गुंडाळून खणात ठेवल्या होत्या. पुढच्या तीन स्पीकरांना त्या पुरल्या, मागच्या दोघांना तोकड्या पडल्या. शनिवारी ओव्हरटाइमच्या उरलेल्या पैशांतून त्यांनी जोडीची वायर आणली आणि प्रत्येक स्पीकरला त्याची लाल, त्याची काळी दिली. क्लिपा या वेळी थोड्या वाकड्याच बसल्या.

रविवारी दुपारी काकू मधल्या खुर्चीवर बसल्या. काकांनी आवाज वाढवला. चाळीस. बेचाळीस. ते थांबले, मशीनकडे वाकले. काही नाही. पन्नास. पंचावन्न. सिनेमा चालू झाला.

थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, "मागून उजवीकडून कोणीतरी येतंय. बाई आहे, टाचेच्या चपलेची." पडद्यावर अजून कोणी नव्हतं. मग दार उघडलं आणि बाई आत आली.

"निळी साडी," काका म्हणाले. "रागावलेली दिसते."

"आवाजावरून नाही वाटत."

"तोंडावर आहे."

मशीन गप्प झालं नाही. का झालं नाही, हे काकांना तेव्हा कळलं नाही आणि त्यानंतरही कळलं नाही. खिशातल्या तिसऱ्या कागदावर बाण अजून समोरासमोरच होते. आठ महिन्यांचे रविवार डेपोला विकून जे मिळालं त्यातून शेवटी आलं ते एवढं: पाच स्पीकर, एक वूफर, एक मशीन, मागच्या दोघांपुरती जोडीची वायर, आणि दोन तास दहा मिनिटांचा एक सिनेमा, ज्यात काकू एकदाही उठून आत गेल्या नाहीत.